फाटतोय की तुटतोय?

परवा ताईचा वाईहून फोन आला. माळा आवरताना नानाकाकांची लाकडी पेटी सापडली म्हणे. आत कर्ण्याची दोन युनिटं, ग्रामोफोनच्या सुयांची पत्र्याची डबी, वायरींची भेंडोळी आणि एक जुना माइक. "भंगारात देऊन टाकू का?" तिनं सहज विचारलं, आणि मी इतक्या जोरात "नको" म्हणालो की तीच दचकली.

फोन ठेवल्यावर वाटलं, २००९ सालच्या त्या लग्नाबद्दल आपण कधी नीट लिहिलंच नाही. नातेवाईक मंडळींना त्या संध्याकाळची अर्धीच गोष्ट ठाऊक आहे, ब्लॉगवाल्या मित्रांना तर तीही नाही. तेव्हा आज ती गोष्ट, आणि तिच्या निमित्तानं लॅपटॉपवर गाणी वाजवण्याचा थोडा इतिहास. तांत्रिक भागाचा कंटाळा येणाऱ्यांनी खुशाल उड्या मारत वाचावं. मात्र ताई, तू उड्या मारू नकोस.

नानाकाका म्हणजे वाईतले स्पीकरवाले. एक रेकॉर्ड प्लेअर, आहुजाचा अँप्लिफायर, चार कर्णे आणि हे सगळं वाहणारी एक सायकल, एवढ्यावर त्यांनी चाळीस वर्षं धंदा केला. लग्न, मुंज, गणपती, निवडणुकीच्या सभा, सगळीकडे नाना. लहानपणी झाडावर चढून कर्णा बांधायचं काम माझ्याकडे असे आणि त्याबद्दल मांडवातलं पहिलं सरबत मला मिळे. पुढे रेकॉर्डी गेल्या, कॅसेटी आल्या, मग त्याही गेल्या आणि भिंतीएवढे स्पीकर ट्रकवर चढले. त्या भिंतीला आमच्याकडे सातारा-सांगली-कोल्हापूर पट्ट्यात 'डॉल्बी' म्हणतात. गंमत अशी, की रे डॉल्बी या गृहस्थांनी १९६५ साली लंडनमध्ये कंपनी काढली ती टेपवरची खरखर कमी करण्यासाठी. त्यांचं नाव आमच्याकडे खिडक्यांची तावदानं हलवणाऱ्या यंत्राला चिकटलं. असो. नानांनी २००३ च्या सुमारास दुकान बंद केलं.

नानांचा कान मात्र शाबूत होता. आवाजाच्या दुखण्याला त्यांच्याकडे तीन शब्द होते. आवाज 'फाटतो', आवाज 'तुटतो' आणि आवाज 'गुणगुणतो'. फाटला तर जोर जास्त झाला किंवा पिन चुकीच्या भोकात गेली. तुटला तर कुठेतरी सांधा ढिला आहे किंवा सुई उडते आहे. गुणगुणला तर अर्थिंग बघा. एवढंच त्यांचं शास्त्र. आम्हाला वाटायचं, तिन्ही शब्दांचा अर्थ एकच, 'आवाज खराब येतोय'.

आता थोडं मागे जाऊ. डीजे हा प्राणी मुळात दोन तबकड्यांवर जगायचा. टेक्निक्सचं एसएल-१२०० हे यंत्र १९७२ साली आलं, त्याची एमके-२ ही सुधारित आवृत्ती १९७९ साली, आणि जगभरच्या क्लबांत तेच स्थिरावलं. त्यात मोटर थेट तबकडीला जोडलेली आणि तबकडी चांगली जड. जड असल्यामुळे छोटासा हिसका बसला तरी ती आपल्या गतीनं फिरत राही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. १९८२ साली सीडी आली, नव्वदच्या दशकात एमपी-३ आली, १९९७ साली विनअँप आलं आणि गाणी संगणकात जाऊन बसली. पण डीजेची बोटं तबकडीवरच होती. ती संगणकाला कशी जोडायची?

नेदरलँड्समधल्या एन-टू-आयटी नावाच्या छोट्या कंपनीनं याला फार देखणं उत्तर शोधलं. तबकडीवर गाणं न कोरता नुसता एक ठरावीक संकेत कोरायचा. सुई तो संकेत वाचणार, त्यावरून संगणकाला कळणार की तबकडी कुठे आहे, किती वेगानं आणि कोणत्या दिशेनं फिरते आहे, आणि तो डिस्कवरचं गाणं त्याच चालीनं वाजवणार. म्हणजे बोट तबकडीवर आणि गाणं लॅपटॉपमध्ये. हेच 'फायनल स्क्रॅच'. पुढे स्टँटन कंपनीनं ते बाजारात आणलं.

माझ्या दृष्टीनं यातली खरी महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. हे सॉफ्टवेअर सुरुवातीला विंडोजवर चालत नव्हतं, मॅकवरही नाही. ते बीओएस नावाच्या प्रणालीवर लिहिलं होतं. ॲपल सोडलेल्या ज्याँ-लुई गासे यांच्या कंपनीची ही प्रणाली, आवाज आणि चित्र वेळेवर हलवता यावीत हे डोळ्यांपुढे ठेवून बांधलेली. पण दुकानात गिऱ्हाईक फिरकलं नाही, आणि २००१ साली पाम कंपनीनं ती मालमत्ता विकत घेतली. फायनल स्क्रॅच लिनक्सवर गेलं आणि नंतर बाकीच्या जगाच्या मागे. २००३ साली व्हर्च्युअल डीजे आलं, २००४ साली न्यूझीलंडच्या सेराटोनं रेन कंपनीबरोबर 'स्क्रॅच लाइव्ह' काढलं. अशा रीतीनं पत्रं टाइप करायला आणि हिशेब मांडायला बनवलेल्या यंत्रावर वरातीची जबाबदारी येऊन पडली.

आणि असाच एक लॅपटॉप माझ्या भाच्याकडे आला. २००४ सालचा, सेकंडहँड, विंडोज एक्सपी, ५१२ एमबी मेमरी, एक बिजागरी मोडलेली. त्यात गाणी हजारांनी. सॉफ्टवेअर कुठून आलं ते विचारू नका.

२००९ च्या मे महिन्यात आमच्या चुलतबहिणीचं लग्न होतं. भाच्याची ही पहिली ऑर्डर, म्हणजे पैसे ठरवून घेतलेली पहिली. अँप्लिफायर नानांचा, मिक्सर भाड्याचा, लॅपटॉप स्वतःचा. मी पुण्याहून आलेला, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करणारा मामा, त्यामुळे आपोआप तांत्रिक सल्लागार. नाना कार्यालयाच्या दारापाशी खुर्ची टाकून बसलेले.

पहिलं गाणं लागलं आणि बायकांनी कानांवर हात ठेवले. आवाज नुसता खरवडल्यासारखा. भाच्यानं लॅपटॉपवरचा आवाज कमी केला, तरी तसाच. नाना उठले, अँप्लिफायरच्या मागे वाकले, माइकच्या भोकातली पिन काढून ऑक्सच्या भोकात घातली आणि काही न बोलता परत जाऊन बसले. आवाज स्वच्छ. भाड्याच्या मिक्सरची वायर भाच्यानं दिसेल त्या भोकात खुपसली होती. माइकमधून येणारी वीज व्होल्टच्या हजाराव्या भागांत मोजायची, आणि मिक्सरमधून किंवा लॅपटॉपमधून निघणारी एक व्होल्टच्या आसपास. माइकचं भोक त्या हजाराव्या भागाला शेकडो पट फुगवायला बसलेलं असतं. त्यात एक व्होल्ट ओतला तर लाटांचे माथे छाटले जातात. आमच्या भागातल्यांना सांगायचं तर डोंगराचं पाचगणीचं टेबललँड होतं. कानाला ती सपाटी करवतीसारखी लागते.

असंच छाटणं लॅपटॉपच्या आतही होतं. सीडीच्या दर्जाच्या आवाजात प्रत्येक नमुन्याला ६५,५३६ पायऱ्या असतात, उणे ३२,७६८ पासून अधिक ३२,७६७ पर्यंत. त्याच्यावर जागाच नाही. सॉफ्टवेअरमधलं बटण, विंडोजचं बटण आणि बास वाढवायचं बटण, तिन्ही टोकाला नेली की लाल दिवा पेटतो, आणि तिथे छाटलेला माथा पुढे कितीही महागड्या स्पीकरनं परत येत नाही. भाच्याची तिन्ही बटणं टोकाला होती. ती मी खाली आणली.

मग गुणगुण ऐकू यायला लागली. गाण्याच्या मधल्या शांततेत भुंगा बसल्यासारखी. हे मला माहीत होतं! लॅपटॉपच्या चार्जरचं अर्थिंग एका प्लगमधून, अँप्लिफायरचं दुसऱ्या, दोन्ही सिग्नलच्या वायरीनं जोडलेले, की त्या वेढ्यातून वीजपुरवठ्याचे ५० हर्ट्झ फिरू लागतात. मी ऐटीत चार्जर उपटला. गुणगुण गायब. "इंजिनिअर आहे बाबा," कुणीतरी म्हणालं. मी नानांकडे पाहिलंसुद्धा.

पंधरा मिनिटांनी तडतड सुरू झाली. आधी अधूनमधून, फुटाण्यासारखी, मग सलग. नवरदेव घोडीवर, पोरं नाचायच्या पवित्र्यात, आणि गाणं तड-तड-तडड करत अडखळतंय. मी आवाज कमी केला, फरक नाही. वायरी हलवल्या, फरक नाही. लाल दिवा नव्हता. प्रोसेसर किती दमलाय ते पाहिलं, तर जेमतेम ३० टक्के. मग दुखतंय कुठे?

नाना तोवर शेजारी येऊन उभे होते. म्हणाले, "फाटत नाहीये रे तो. तुटतोय. कुठंतरी सांधा ढिला आहे, पुढचं वेळेवर पोचत नाहीये."

मी म्हणालो, "नाना, याच्यात सांधे नसतात. हे डिजिटल आहे. तुमच्या रेकॉर्डी नव्हेत."

आजूबाजूला दहा-बारा माणसं होती. एक-दोघं हसलीही. नाना काही बोलले नाहीत, खुर्चीकडेही गेले नाहीत, सरळ घरी गेले. शेवटी गावातल्या बँडवाल्यांना बोलावलं आणि वरात निघाली. भाच्याला ठरलेले पैसे कुणी दिले नाहीत, त्यानं मागितलेही नाहीत. रात्री मी निकाल दिला, "लॅपटॉप जुना झालाय. यावर धंदा होणार नाही. नवा घ्या."

इथपर्यंतची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. यापुढची नाही.

नव्यासाठी ताईनं दिवाळीत एक पाटली मोडली. नवा लॅपटॉप आला, विंडोज ७ वाला, दुप्पट प्रोसेसर, चौपट मेमरी. आणि तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्याच कार्यक्रमात तो नवा कोरा लॅपटॉप तड-तड-तडड करू लागला. भाच्यानं मला रात्री साडेअकराला फोन केला. मी म्हटलं बघतो, आणि सहा महिने काहीही बघितलं नाही. फेब्रुवारीत नाना गेले. दहाव्याला गेलो होतो तेव्हा तो लॅपटॉप कपाटावर ठेवलेला दिसला. पुण्याला परतताना मी तो, आणि जुनाही, बरोबर घेऊन आलो.

त्यानंतरच्या काही रविवारी मला जे कळलं ते असं. संगणक आवाज सलग पाठवत नाही. तो एक छोटी टाकी भरतो, आणि साउंड कार्ड खालून त्या टाकीचा नळ चालू ठेवतं. आपल्या गच्चीवरच्या टाकीसारखंच. नगरपालिकेचं पाणी लहरीनं येतं, पण टाकी असली की नळाला धार राहते. एसएल-१२०० च्या जड तबकडीचं काम इथे ही टाकी करते. नळाचं तोंड मात्र ठरलेलं, सेकंदाला ४४,१०० नमुने. टाकी १०२४ नमुन्यांची असेल तर ती २३ मिलिसेकंदांत रिकामी होते, २५६ ची असेल तर सहाहून कमी मिलिसेकंदांत. तेवढ्यात नवं पाणी आलं नाही तर नळ कोरडा, आणि तो कोरडा क्षण म्हणजे 'तड'.

मग टाकी मोठीच का ठेवू नये? कारण जितकी मोठी टाकी तितका उशीर. बटण दाबलं आणि गाणं नंतर लागलं असं होतं. २३ मिलिसेकंद म्हणजे स्पीकरपासून आठ मीटर लांब उभं राहून ऐकण्याइतका उशीर. नुसती गाणी लावणाऱ्याला तो चालतो, तबकडी मागेपुढे करणाऱ्याला चालत नाही. एक्सपीच्या काळात तर विंडोजचा सगळे आवाज एकत्र मिसळणारा भागच सुमारे ३० मिलिसेकंद खात असे. म्हणून हँबुर्गच्या स्टाइनबर्ग कंपनीनं १९९७ साली एएसआयओ नावाची आडवाट काढली होती, विंडोजच्या मिसळणाऱ्या टेबलाला वळसा घालून थेट साउंड कार्डापर्यंत. २००७ साली आलेल्या विस्टामध्ये मायक्रोसॉफ्टनं आपली व्यवस्थाही नव्यानं बांधली. पण टाकी भरायला माणूस वेळेवर आला पाहिजे, ही अट कुणालाच चुकवता आली नाही.

आणि तो वेळेवर का येत नव्हता, हे मला एका फुकट मिळणाऱ्या जर्मन प्रोग्रॅमनं दाखवलं. थेसिकॉन कंपनीचा तो प्रोग्रॅम, एका चौकटीत हिरवे, पिवळे, तांबडे खांब उभे करणारा. विंडोजमध्ये वाय-फाय, डिस्क, नेटवर्क अशा प्रत्येक भागाचा एकेक ड्रायव्हर असतो. तो तातडीचं तेवढं लगेच करतो आणि उरलेलं 'जरा नंतर' म्हणून बाजूला ठेवतो. या 'जरा नंतर'च्या कामांची एक रांग असते, आणि गोम अशी की ही रांग कुठल्याही साध्या प्रोग्रॅमच्या आधी घेतली जाते. डीजेचं सॉफ्टवेअर त्यांच्यापुढे साधंच. एखाद्या ड्रायव्हरनं खिडकी अडवून दहा मिलिसेकंद गप्पा मारल्या तर बाकी सगळे ताटकळत उभे. प्रोसेसरचा आकडा ३० टक्केच दाखवणार, कारण ती सरासरी असते. पंगतीत सरासरीनं सगळ्यांना वेळेवर वाढलं, याचा रिकाम्या पानावर बसलेल्याला काय उपयोग?

नव्या लॅपटॉपवर खांब तांबडे होते. वाय-फाय बंद केलं, सगळे हिरवे झाले. वाईच्या त्या कार्यालयात किंवा मांडवात वाय-फाय नव्हतंच. लॅपटॉप बिचारा दर थोड्या वेळानं ते शोधत बसायचा.

आता जुना लॅपटॉप. त्याचं वाय-फाय बंद केलं, तडतड कमी झाली, पण गेली नाही. मग चार्जर लावला. गेली. काढला, आली. लावला, गेली. लॅपटॉप बॅटरीवर गेला की वीज वाचवण्यासाठी प्रोसेसरचा वेग कमी करायचा, ही युक्ती इंटेलनं २००० सालापासून लॅपटॉपमध्ये आणली होती. त्या संध्याकाळी गुणगुण घालवण्यासाठी चार्जर मी काढला होता. सगळ्यांसमोर, ऐटीत. आणि पंधरा मिनिटांनी सुरू झालेली तडतड ही माझी करणी होती. चार्जर तसाच ठेवून सिग्नलच्या वायरीत एक छोटा ट्रान्सफॉर्मर बसवला असता तर गुणगुणही गेली असती. तो मी नंतर बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून आणला. माझ्या दुपारच्या जेवणापेक्षा स्वस्त होता.

शोधता शोधता आणखी एक सापडलं. एक्सपी डिस्कवरून वाचताना अडखळलं आणि अशा सहा चुका साठल्या, की ते डिस्कचा वेग एक पायरी खाली आणत असे, आणि आपोआप पुन्हा वर चढवत नसे. असं करत करत जुन्या लॅपटॉपची डिस्क पार तळाला गेलेली, जिथे प्रत्येक अक्षर प्रोसेसरनं स्वतः हातानं उचलून आणायचं. यंत्र म्हातारं झालं नव्हतं, त्याला कुणीतरी कधीतरी खालच्या पायरीवर बसवलं होतं आणि उठायला सांगायला विसरलं होतं. तेही दुरुस्त केलं. टाकी १०२४ वर ठेवून त्या मोडक्या बिजागरीच्या लॅपटॉपवर मी सलग चार तास गाणी वाजवली. एकदाही 'तड' झालं नाही.

सांधा ढिला होता आणि पुढचं वेळेवर पोचत नव्हतं. नानांनी शब्दसुद्धा बरोबर वापरले होते.

भाच्याला मी सगळं सांगितलं. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "मामा, आईला सांगू नका. पाटलीचं उगाच जिवाला लावून घेईल." मला ते सोयीचंच होतं. मी लगेच मान डोलावली. नव्या लॅपटॉपवर त्याचा धंदा पुढे बरा चालला. त्याच्या हाताखाली आता दोन पोरं आहेत आणि त्यांची यंत्रं कितीतरी वेगवान. तरी वर्षातून एखादा फोन येतोच, "मामा, पोराच्या लॅपटॉपवर आवाज खराब येतोय." मी पहिला प्रश्न विचारतो, फाटतोय की तुटतोय? तुटत असेल तर वाय-फाय बंद कर, चार्जर लाव, वीज वाचवायची सोय काढ, टाकी एक माप वाढव. फाटत असेल तर बटणं खाली आण आणि पिन कुठल्या भोकात आहे ते बघ. इतक्या वर्षांत यात फारसं बदललेलं नाही.

ताई, पेटी न्यायला मी येत्या रविवारी येतोय. सुयांची डबी जपून ठेव, तिचं झाकण ढिलं आहे. आणि पाटलीचं आपण समोरासमोर बोलू.